डाव्या कडेवर

वहिनीची गाठ परत आली आहे, हे सगळ्यांत आधी भिंगरीला कळलं.

भिंगरी म्हणजे माझ्या भावाची मुलगी, तेव्हा सव्वादोन वर्षांची. एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे तिचं पाळण्यातलं नाव मागे पडलं आणि हे चिकटलं. ठरायची ती एकाच ठिकाणी, आईच्या डाव्या कडेवर. वहिनी डाव्या हाताने तिला धरायची आणि उजव्या हाताने उरलेलं सगळं जग चालवायची. दूध तापवायची, कुलूप लावायची, दोरा दातात धरून सुईतसुद्धा ओवायची. एके सकाळी पोरगी कडेवरून खाली सरकत कुरकुरली, "आई, टोचतं."

"काय टोचतं गं?"

"तुझं पोट टोचतं."

वहिनी हसली. मग तिने आरशासमोर उभं राहून बघितलं, आणि मला फोन केला. दादाला नाही, मला. "पट्टी, कामावरून सुटल्यावर येऊन जाशील?"

पट्टी म्हणजे मी. मी उंच, सरळसोट, म्हणून दादा मला लहानपणापासून पट्टी म्हणतो; पुढे पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढायची नोकरी लागली आणि नाव पक्कं झालं. वहिनी लग्न होऊन आली तशी तीही म्हणायला लागली. एरवी तिला माझी थट्टा करायची लहर आली की ती मला 'वन्सं' म्हणायची, अगदी डोळे मिचकावत. आमच्या घरात कोणी कोणाला वन्सं म्हणत नाही.

ती गाठ जुनीच होती. वहिनी चोवीस वर्षांची असताना, लग्नाआधी, कमरेच्या हाडाच्या वर वाटाण्याएवढं लालसर, कडक काहीतरी उगवलं होतं. जवळच्या डॉक्टरांनी चरबीची गाठ म्हणून पंधरा मिनिटांत काढली आणि बादलीत टाकली. पाच वर्षांनी त्याच व्रणावर परत दोन वाटाणे आले. दुसऱ्या डॉक्टरांनी तेही काढले. या वेळी तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्टवर एक लांबलचक नाव आलं, आणि ते म्हणाले, निघालं सगळं, आता विसरून जा. वहिनी विसरली. विसरण्यात ती पटाईत आहे. मग भिंगरीच्या वेळी दिवस गेले तसा पोटाबरोबर व्रणही फुगला. सगळे म्हणाले, कातडी ताणतेय, होतं असं. म्हणणाऱ्यांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी या बाबतीत दादाला बरंच सुनावलं.

त्या संध्याकाळी वहिनीने खोलीचं दार लावलं आणि मला हात लावून बघायला सांगितलं. वरून जेमतेम लिंबाएवढं. पण बोट बाजूला सरकवलं की कातडीखाली दोरखंडासारखं काहीतरी लांबवर जात होतं, पाठीकडे.

"काय वाटतं?" तिने विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं. पण मला कळलं होतं. जमिनीखालून कुठून कुठे नळ गेलेत हे शोधण्यातच माझी पंधरा वर्षं गेली आहेत.

सर्जन पन्नाशीच्या बाई होत्या. केस अगदी बारीक कापलेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. त्यांनी आधीच्या रिपोर्टचा कागद वाचला, परत वाचला, गाठीतून एक बारीक तुकडा तपासायला घेतला, पोटाचा आणि छातीचा स्कॅन करायला लावला. आठवड्याभराने आम्हा तिघांना समोर बसवलं.

"हा कातडीच्या खालच्या थरातला कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "दुर्मीळ आहे. छाती स्वच्छ आहे, तेव्हा पहिल्यांदा श्वास घ्या. हा सहसा लांब कुठे जात नाही, जीवावर उठत नाही. पण हट्टी आहे. वर दिसतो त्याच्या कितीतरी पलीकडे बोटं पसरून बसलेला असतो. आधीच्या दोघांनी दिसलं तेवढं काढलं. बोटं आतच राहिली."

"म्हणजे त्यांची चूक," दादा म्हणाला. त्याला कोणावर तरी रागावायचं होतं.

"दिसायला साधीच दिसते ही गाठ. भल्याभल्यांना फसवते. आपण पुढचं बघू." त्यांनी कागदावर एक लहान गोल काढला आणि त्याच्याभोवती एक मोठा. "गाठीच्या चारी बाजूंनी तीन सेंटिमीटर चांगली कातडी काढायची. खाली स्नायूवरच्या पांढऱ्या पडद्यापर्यंत जायचं, तोही काढायचा. मग तुकड्याची कड न् कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. त्याला पाच-सहा दिवस लागतात. तोवर जखम शिवायची नाही, नुसती झाकून ठेवायची. कडा स्वच्छ आल्या की मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावायची. एखादी कड स्वच्छ नाही आली, तर त्या बाजूला पुन्हा कापायचं."

"चांगलं आहे तेही कापायचं?" दादाने विचारलं.

वहिनीने त्या मोठ्या गोलावर बोट टेकवलं. "माया धरून कापायचं," ती म्हणाली.

बाईंना कळलं नाही. वहिनी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. बाईमाणसाला मास्तर म्हणायची तिथल्या लोकांना सवय नव्हती, ती तिने लावली. "आम्ही कापड कापताना शिवणीच्या रेघेबाहेर थोडं जास्तीचं सोडतो," तिने सांगितलं. "त्याला माया म्हणतात. आधीच्या डॉक्टरांनी बरोबर रेघेवर कात्री चालवली. मायाच धरली नाही."

सर्जनबाई हसल्या. "बरोबर. फक्त तुमच्याकडे माया कपड्यात राहते. आमच्याकडे ती गाठीबरोबर जाते."

वहिनीने मान हलवली. मग तिने तिचा एकुलता एक प्रश्न विचारला. वाचेन का, व्रण किती मोठा असेल, परत येईल का, यातलं काही नाही. "मुलीला कडेवर कधी घ्यायचं?"

"तीन महिने नाही."

"उजव्या?"

"कुठल्याच नाही. लावलेली कातडी सरकली तर सगळं पहिल्यापासून."

"दोन वर्षांची आहे हो ती."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या, आणि तेवढी एकदाच त्यांनी नजर खाली कागदाकडे नेली.

ऑपरेशनला बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत वहिनीने पोरीला जमिनीवर म्हणून टेकू दिलं नाही. गाठ टोचू नये म्हणून मध्ये दुपट्याची घडी ठेवायची आणि घ्यायची. मी सामान घेऊन राहायला आले त्या दुपारी ती भिंगरीला घेऊन घरभर फिरत होती. हे कपाट, हे तुझे बूट, हा बाबांचा चष्मा, या बरणीत काय? मीठ! पोरगी खिदळत होती.

"उतरव आता," दादा म्हणाला. "पाठ धरेल तुझी."

"धरू दे की. उद्यापासून पाठीला रजाच आहे."

मी साठवलेली दोन महिन्यांची रजा टाकली होती. माझं लग्न ठरता ठरता राहिलं, आणि मग राहिलंच. एका खोलीचं घर, नोकरी, चार मैत्रिणी. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. लहान मूल चोवीस तास सांभाळायची वेळ मात्र माझ्यावर कधी आली नव्हती. पहिल्या दिवशी मी भिंगरीचा झगा उलटा घातला, आणि तिने तो तसाच दिवसभर मिरवला.

ऑपरेशन चार तास चाललं. वहिनीला दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात ठेवलं. लहान मुलांना वर सोडत नव्हते, म्हणून असं ठरलं की रोज चार वाजता मी भिंगरीला खालच्या अंगणात आणायचं आणि वहिनीने डावीकडून तिसऱ्या खिडकीत उभं राहायचं. उघडी जखम ड्रेसिंगखाली झाकलेली, खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरलेली, अशी ती उभी राहायची. मी खालून बोट दाखवायचे, "ती बघ आई!" भिंगरीने पहिल्याच दिवशी पाचव्या खिडकीवर नजर लावली. तिथे मानेला पट्टा बांधलेले एक आजोबा उभे होते. त्यांनी हात हलवला. भिंगरीने दोन्ही हात हलवले. मी तिचं डोकं धरून तिसऱ्या खिडकीकडे वळवलं, ते परत पाचव्याकडे गेलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी कडक सलाम ठोकला, आणि मग तर विषयच संपला.

फोनवर वहिनी म्हणाली, "त्या आजोबांपुढे माझी काय डाळ शिजणार!" खूप हसली. हसणं थांबल्यावर फोनवर नुसता वॉर्डातल्या ट्रॉलीचा आवाज येत राहिला, आणि तिने ठेवते गं म्हणून ठेवला.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. तळ स्वच्छ, तीन बाजू स्वच्छ, पाठीकडची कड नाही. ते दोरखंडासारखं जिथे माझ्या बोटाला लागलं होतं, तीच बाजू. मी मनात म्हटलं, मला तेव्हाच कळलं होतं. पण तसं कळून कोणाचं काय भलं झालं?

दादा बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला. वहिनीने सर्जनबाईंना सांगितलं, "या वेळी थोडं जास्तच कापा. मी रागावणार नाही."

"जास्त नाही, लागेल तेवढंच कापीन," बाई म्हणाल्या. "पण सोडणार नाही."

परत कापलं. परत वाट बघणं. खिडकीतली वहिनी आता चौकटीला टेकून उभी राहायची. आजोबांना घरी सोडलं होतं आणि भिंगरी रिकाम्या पाचव्या खिडकीकडे बघून माझ्याकडे वळून विचारायची, "गेले?" तिसऱ्या खिडकीकडे तिची नजर कधी गेलीच नाही असं नाही. एकदा गेली. बराच वेळ बघितलं तिने. मग म्हणाली, "ती बाई रडते."

मी वर बघितलं. वहिनी हसत होती, हात हलवत होती. एवढ्या लांबून मला हसणंच दिसलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी झोपून उठली की भिंगरी डोळे न उघडताच दोन्ही हात वर करायची. त्या दिवशीही केले, आणि म्हणाली, "आई."

मी तिथेच बसले होते. मी म्हटलं, "ओ."

तिला उचललं. तिने झोपेतच मान माझ्या खांद्यावर टाकली, पाय माझ्या कमरेभोवती अडकवले आणि परत झोपली. गरम, जड, घामाने ओली. मी तासभर तशीच उभी होते. बसले असते तरी चाललं असतं. एकदा झालं असतं तर चुकून झालं म्हटलं असतं. त्या आठवड्यात तसं तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा मी ओ दिली.

दुसरा रिपोर्ट स्वच्छ आला. मांडीची कातडी काढून जखमेवर लावली, वर जाड गादीसारखं ड्रेसिंग टाके घालून बसवलं. वहिनी सांगायची, जिथे एवढं मोठं कापलं तिथे काही नाही, आणि जिथून पापुद्रा काढला त्या मांडीची आग आग होते. एकोणिसाव्या दिवशी ती घरी आली.

भिंगरी माझ्या पायांमागे लपली. वहिनीला औषधांचा वास येत होता, ती वाकून, एक पाय ओढत चालत होती, आणि आल्या आल्या खाली बसून हात पसरणं तिला शक्य नव्हतं. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "ये ना गं राणी." भिंगरीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्यासमोर येऊन हात वर केले.

मी काय करायला हवं होतं, ते मला आजही माहीत नाही. मी तिला उचललं.

वहिनीला उजव्या कुशीवरच झोपता यायचं, आणि उजव्या कुशीवर झोपलं की तोंड भिंतीकडे यायचं. दुसऱ्या दिवशी तिने दादाला पलंग उलटा फिरवायला लावला. आता तिला सगळी खोली दिसायची. भिंगरीला मी भरवते, भिंगरीला मी अंघोळ घालते, भिंगरीची वेणी घालते, वेणी कसली, कारंजं. ती पडल्या पडल्या बघायची. मधूनच सांगायची, तिला कानात पाणी गेलेलं आवडत नाही हं. किंवा, अंड्याचं पिवळं आधी दे, नाहीतर उरतं. मला हे सगळं एव्हाना माहीत होतं. मी हो हो म्हणायचे. कधीकधी म्हणायचेही नाही.

रोज सकाळी ती भिंगरीला पलंगावर चढायला बोलवायची. भिंगरी चढायची, पण चेंडू दाखवायला किंवा उशीखालचं बिस्किट काढायला; काम झालं की उतरायची. एकदा तिने वहिनीच्या पोटावर पाय दिला आणि वहिनी किंचाळली. दुखलं नव्हतं, ती घाबरली होती. त्यानंतर चार दिवस पोरगी पलंगाजवळ गेली नाही.

वहिनी घरी येऊन महिना होत आला असेल. मी भिंगरीला कडेवर घेऊन ओट्यापाशी उभी होते, एका हाताने दूध ढवळत. मागून वहिनीचा आवाज आला. ती पलंगावरून उठून, भिंतीला धरून दारापर्यंत आली होती.

"त्या बाजूला नको."

"काय?"

"डावीकडे घेऊ नकोस तिला." आवाज अगदी हळू होता. "तुला उजवी आहे ना? दोन्ही आहेत तुला."

मी खाली बघितलं. मला खरंच कळलं नव्हतं. मी उजव्या हाताने काम करते, मूल आपोआप डावीकडे जातं, सगळ्यांचं जातं. मी भिंगरीला खाली ठेवलं. तिने असं काही भोकाड पसरलं की शेजारचं दार उघडलं. वहिनीने हात पुढे केला. भिंगरी माझ्या गुडघ्यांना मिठी मारून ओरडत राहिली, "आत्या! आत्या!"

वहिनीचा हात तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला आणि म्हणाली, "वन्सं, तुमची रजा उगाच वाया जातेय. आता माझं मी बघीन."

डोळे मिचकावले नाहीत तिने.

मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. दादा कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. "मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला.

"छे, घेत नाही," मी म्हटलं. खोटं बोलले.

उरलेली रजा मी रद्द केली आणि कामावर रुजू झाले. कोणी फार विचारलं नाही. मी नकाशे काढत होते, झडपांच्या खुणा करत होते, चुकतही नव्हते. पण शरीराला कोण समजावणार? दुकानातल्या रांगेत उभी असताना पुढच्या बाई वळून म्हणाल्या, "बरं वाटत नाही का तुम्हाला?" मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "डोलताय तुम्ही." मी उभ्या उभ्या मूल झोपवत होते. कडेवर कोणी नव्हतं.

अंघोळीच्या वेळी नळ सोडला की मला वाटायचं तिने हाक मारली. नळ बंद करून ऐकायचे. परत सोडायचे. दादा दर दोन दिवसांनी फोन करायचा आणि तो भिंगरीच्या कानाला लावायचा. ती बोलायची नाही, नुसता श्वास ऐकू यायचा, फोन तोंडात धरल्यासारखा. मी म्हणायचे, "काय करतेय माझी भिंगरी?" श्वास. "जेवलीस?" श्वास. मग दादा म्हणायचा, मान हलवतेय हं ती. फोनवर मान हलवलेली कशी दिसणार? पण मी फोन ठेवायचे नाही. वहिनी फोनवर आली नाही, आणि मीही बोलव म्हटलं नाही.

दीड महिन्याने ती स्वतः बोलली.

"पट्टी," ती म्हणाली, "बाईंनी परवानगी दिली. तिला उचलायचं म्हणतेय. तू ये."

"मी कशाला?"

"तू असलीस की उचलीन. अजून नाही उचललं."

रविवारी सकाळी गेले. वहिनी सरळ चालत होती, चेहऱ्यावर जरा मांस आलं होतं. भिंगरी उंच झाली होती, म्हणजे मला वाटली. तिने मला बघितलं, हसली, आणि पळत जाऊन वहिनीच्या मागे लपली. वहिनीच्या मागे. मला जे वाटलं त्याला काय म्हणतात मला माहीत नाही; आनंद त्यात होता, एवढं नक्की.

त्या दीड महिन्यात वहिनीने काय केलं होतं ते दादाने नंतर सांगितलं. उचलता येत नाही म्हटल्यावर ती जमिनीवर गादी टाकून दिवसभर तिथेच पडून राहिली. पोरीच्या उंचीवर. आधी चेंडूसाठी, मग बिस्किटासाठी, मग नुसतीच, भिंगरी येत गेली. वहिनीने एकदाही ये म्हटलं नाही.

खोलीच्या मधोमध उभी राहून वहिनी म्हणाली, "चल गं राणी, वर." आम्ही दोघं बाजूला, पडली तर धरायच्या बेताने हात पुढे करून. बाईंनी शिकवल्याप्रमाणे ती गुडघ्यात वाकली, भिंगरीला जवळ घेतलं आणि उठली. पोरीचे लांब झालेले पाय लोंबले, मग जागेवर अडकले. डाव्या कडेवर.

वहिनी हलली नाही. तिचं तोंड मला नीट दिसत होतं. तिथे जे यायला हवं होतं ते येत नव्हतं.

"दुखतंय का?" दादाने विचारलं.

"नाही."

"मग?"

"काहीच कळत नाही." तिने पोरीला थोडं वर सरकवलं, परत खाली. "वजन कळतंय. हाडाला कळतंय. पण तिची मांडी… ऊब नाही लागत रे. कपड्याच्या ढिगाला धरल्यासारखं वाटतंय."

लावलेल्या कातडीला संवेदना नसते, हे आम्हाला सांगितलं होतं. कागदावर सही घेताना वाचूनही दाखवलं होतं. तेव्हा ते सगळ्यांत किरकोळ कलम वाटलं होतं.

भिंगरी मात्र खूश होती. जिथून एवढं मांस गेलं होतं तिथे वहिनीच्या कमरेत खळगा पडला होता, आणि तिचा गुडघा त्यात बरोबर बसला. "आई, खड्डा!" ती ओरडली. गुडघा काढला, परत बसवला. "खड्डा!"

वहिनी हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिने पोरीला उजव्या कडेवर घेतलं, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. डाव्या हाताला मात्र पोरगी सापडत नव्हती, तो हवेत चाचपडत होता.

नंतर दादा भिंगरीला घेऊन खाली गेला. आम्ही दोघी चहाचे कप धूत होतो. मला राहवलं नाही. "तू दवाखान्यात होतीस तेव्हा ती मला आई म्हणाली होती," मी सांगितलं. "झोपेत. तीनदा. मी ओ दिली."

वहिनीने कप पालथा घातला. दुसरा घेतला. मला वाटलं आता ती परत वन्सं म्हणणार.

"परवा मला आत्या म्हणाली," ती म्हणाली. "मी पण ओ दिली."

आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. नळ चालू होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"बोललीस."

"तू लगेच गेलीस. थांबायचं होतंस ना जरा. मी दुसऱ्या दिवशी पाया पडले असते."

"खरंच?"

"नाही," ती म्हणाली. "चार दिवसांनी."

दर सहा महिन्यांनी तपासणी असते. दुसऱ्या तपासणीला दादाला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी गेले. वहिनीने दुसऱ्या मुलाचं विचारलं. सर्जनबाई म्हणाल्या, निदान तीन वर्षं थांबा. दिवस गेले की ही गाठ भराभर वाढते, आणि आत एखादा कण उरलाच असेल तर तो उगाच जागा करायला नको. वहिनी म्हणाली, तोवर मी चाळिशीला टेकेन. बाई म्हणाल्या, हो. वहिनीने त्यानंतर तो विषय काढलेला नाही, पण भिंगरीचे लहान झालेले झगे ती अजून कोणाला देत नाही.

त्याच भेटीत बाईंनी माझा हात धरला आणि व्रणाच्या कडेवर ठेवला. परत येणार असेल तर बहुतेक कडेलाच येईल, त्या म्हणाल्या. दर महिन्याला चारी बाजूंनी दाबून बघायचं. पाठीकडचा भाग हिला दिसत नाही आणि मधल्या भागात हिला कळत नाही, तेव्हा दुसऱ्या कोणाचा तरी हात लागणार. दादाने एकदा प्रयत्न केला होता. त्याला घाम फुटला, त्याला प्रत्येक ठिकाणी गाठच लागत होती.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी वहिनी माझ्याकडे येते. आता तीन वर्षं होत आली. भिंगरी शाळेत जाते. सुरुवातीला तीही यायची. आता रविवारी तिला मैत्रिणी असतात. येणार म्हणते, मी तिच्या आवडीचं काहीतरी आणून ठेवते, आणि वहिनी एकटीच जिना चढून येते. "नाही आली गं," ती म्हणते, जणू तिचाच अपराध. मी म्हणते, बरं झालं, आपल्याला निवांत.

ती माझ्या पलंगावर उजव्या कुशीला वळते. मी हात गरम पाण्याने धुते. पुढच्या बाजूने सुरुवात करते, अंगठ्याच्या रुंदीने सरकत जाते. मधली कातडी पातळ, चकचकीत, थंड. तिथे मी दाबते तेव्हा ती भिंतीकडे बघत कारखान्यातल्या गोष्टी सांगत असते. मग बोट कडेवरून तिच्या स्वतःच्या कातडीवर जातं आणि ती बोलता बोलता थांबते.

"इथे कळलं," ती म्हणते.

बाईंनी सांगितलंय की वर्षानुवर्षांनी कडेकडून थोडी संवेदना आत सरकते कधीकधी. कधीकधी. सगळ्यांची नाही.

"मागच्या वेळेपेक्षा जरा आत कळलं ना?" वहिनी विचारते. "बघ ना नीट. तू नकाशे काढतेस."

मी परत मधून सुरुवात करते, परत कडेकडे येते. "आता?"

"नाही."

"आता?"

"थांब हं." ती डोळे मिटते. "हो. इथे. आहे ना आत?"

"आहे," मी म्हणते. "नखभर आहे."

खरं सांगायचं तर मला नक्की कळत नाही. पाठीकडची कड मी सगळ्यांत शेवटी तपासते, दोनदा. हाताला काही लागत नाही. तसं सांगते, ती कपडे सारखे करते, आणि आम्ही चहा ठेवतो.